पेनाच्या पोटातला सांधा

हाताने घडवलेलं लाकडी पेन कुणाच्या हाती दिलं, की तो आधी लाकडाच्या रेषा बघतो, मग क्लिप, मग टोक. आत एक पितळी नळी आहे आणि क्लिप, मधलं कडं, रिफिलचं यंत्र किंवा निबेचा भाग हे सगळं त्या नळीतच दाबून बसवलेलं आहे, हे सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. नळी आणि लाकूड यांना एकत्र धरणारा चिकट थर तर कायमचाच दृष्टीआड. जाडीला तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण पेन वर्षानुवर्षं खिशात राहणार की पहिल्याच उन्हाळ्यात उभं तडकणार, हे बरंचसं त्या थरावर ठरतं. उज्जैनसारख्या गावात तर अधिकच.

माळव्याची हवा लाकडाला स्वस्थ बसू देत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार, कोरडी लू, हवेत ओलावा नावापुरता. जुलै-ऑगस्टमध्ये दारं फुगून चौकटीत अडकतात. जानेवारीच्या रात्री थंडी दहा अंशांच्या आसपास उतरते. लाकूड लांबीला फारसं बदलत नाही, पण आडवं, म्हणजे पेनाच्या घेराला, ते ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. पितळेला ओलाव्याशी देणंघेणं नाही. त्यामुळे मे महिन्यात लाकूड आकसायला लागतं तेव्हा आतली नळी त्याला जागा देत नाही, आणि ताण सहन झाला नाही की तडा जातो तो रेषांच्या दिशेने, वरपासून खालपर्यंत. चिकट थर सलग असेल तर हा ताण सगळ्या घेरावर वाटला जातो. मध्ये पोकळी राहिली असेल तर तो तिच्या काठाशी एकवटतो आणि लाकूड बहुधा तिथूनच फाटतं.

म्हणून ‘सगळ्यात पक्कं काय चिकटतं?’ या प्रश्नाने सुरुवात करणं मला पटत नाही. नळी आणि भोक यांच्यात गाळा किती आहे, तो पूर्ण भरेल असं काय आहे, आणि पुढच्या ऋतूत लाकूड हललं तर किंचित नमणारं काय आहे, असे प्रश्न हवेत.

हार्डवेअरच्या दुकानात तीन नावं हमखास मिळतात: फेविकॉल, फेवीक्विक, अराल्डाइट. बळवंतराय पारेखांच्या पिडिलाइटने 1959 साली फेविकॉल आणलं आणि आपल्याकडच्या सुतारकामातून सरस जवळजवळ हद्दपार झाला. 2020 मध्ये अराल्डाइटचा भारतातला धंदाही याच कंपनीने घेतला, त्यामुळे आज तिन्ही डबे एकाच घरचे. गुणधर्म मात्र तिघांचे तीन दिशांना.

फेविकॉल लाकडाला लाकूड जोडण्यासाठी उत्तम, पण नळीच्या कामाचं नाही. त्यातलं पाणी लाकडाने प्यावं किंवा हवेत उडून जावं, तेव्हा ते घट्ट होतं. पितळ पाणी पीत नाही, भोकाच्या आत हवा खेळत नाही, आणि तेच पाणी लाकडात शिरून भोक फुगवतं.

फेवीक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि फ्रेड जॉयनर यांनी 1951 मध्ये त्याचं चिकटण्याचं सामर्थ्य ओळखलं आणि 1958 साली ते बाजारात आलं. ते घट्ट होतं हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने. इथेच उज्जैनचा हंगाम आडवा येतो. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी ते रेंगाळतं; ओलसर श्रावणात नळी अर्ध्यावर असतानाच पकड घेतं. एकदा नळी अर्ध्यात अडकली की ती पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आणि लाकडाचा तुकडा टाकून द्यावा लागतो. घट्ट झाल्यावर ते ठिसूळ असतं. ओढ सहन करतं, पण पेन फरशीवर पडल्याचा धक्का किंवा वर्षानुवर्षांची हालचाल त्याला सोसत नाही. साधारण 80 अंशांपलीकडच्या उष्णतेने ते हार मानतं, आणि बोथट पटाशीने किंवा जोर लावून पॉलिश केल्याने पेन सहज तापतं. घाईच्या कामात मीही त्याची दाट जात वापरतो. भेट म्हणून जाणाऱ्या, पिढीभर टिकावं अशा पेनात नाही. एक खबरदारी नवख्यांना आवर्जून सांगावी लागते: सांडलेलं फेवीक्विक सुती चिंधीने पुसू नये. कापसाशी त्याची क्रिया इतकी वेगाने होते, की चिंधी चटका देण्याइतकी तापते आणि धूरही निघतो. कागद वापरावा.

उरलं अराल्डाइट, म्हणजे इपॉक्सी. माझं मत स्पष्ट आहे: नळीसाठी इपॉक्सी, आणि तेही संथ. पाच मिनिटांत धरणारं मिळतं, पण ते उष्णतेला आणि ओलाव्याला तुलनेने लवकर नमतं, शिवाय मे महिन्यात पाचाची तीन मिनिटं होतात. संथ अराल्डाइट कालवल्यावर तासाभराहून जास्त वेळ देतं, गाळा भरतं आणि पितळ-लाकूड दोघांनाही सारखंच धरतं. मात्र त्याचं माप पाळावं लागतं. आकारमानाने रेझिन आणि हार्डनर समसमान. वजनकाट्यावर घेतलं तर 10 भागांना 8. हे दोन हिशेब अनेकजण एकमेकांत मिसळतात. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. रेझिनच्या रेणूंना जोडीदार मोजून लागतात, आणि जास्तीचा हार्डनर थरात मऊ, चिकट उरतो. कालवलेला गोळा वाटीत ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर धरतो, म्हणून तो फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरून ठेवावा. थंडीत कालवण्याआधी दोन्ही ट्यूब जरा उन्हात ठेवल्या की मिश्रण सैल होतं. रात्रभर ठेवावंच, जानेवारीत मी आणखी एक दिवस थांबतो.

चिकटवण्याआधीचं काम अधिक महत्त्वाचं, आणि तिथेच सगळे घाई करतात. नवी नळी चकचकीत आणि तेलकट असते. 150 नंबरच्या पॉलिशपेपरने ती फिरवत घासायची, तिरपे ओरखडे उठेपर्यंत, मग स्पिरिटने पुसायची आणि पुढे उघड्या बोटांनी धरायची नाही. शिसव आणि सागवान यांच्या अंगातच तेल असतं, म्हणून भोकही अ‍ॅसिटोनने पुसून घ्यायचं. ड्रिलने तापलेलं लाकूड थंड होऊ द्यायचं. 7 मिलिमीटरच्या नळीला 7 चंच ड्रिल लागतं, पण बोथट ड्रिल भटकून भोक मोठं करतं, आणि फारच घट्ट भोक नळीवरचं इपॉक्सी तोंडाशीच खरवडून टाकतं.

आता नळीची टोकं बंद करायची, नाहीतर इपॉक्सी आत शिरून यंत्र बसत नाही. परदेशी कारागीर दंतवैद्यांचं मेण किंवा मुलांची खेळायची माती वापरतात. बटाट्याची चकतीही चालते: नळीचं टोक तिच्यात दाबलं की गोल बूच कापून आत बसतं. बटाटा आमच्या माळव्यात मुबलक. मग काडीने भोकाच्या आतल्या भिंतीला इपॉक्सी लावायचं, नळीलाही लावायचं, आणि नळी सरळ न ढकलता फिरवत-फिरवत आत न्यायची. थोडी आत, थोडी बाहेर, पुन्हा आत. भोकाच्या दोन्ही तोंडांशी इपॉक्सीचं कडं सलग दिसलं, की आत पोकळी नाही असं समजायला हरकत नाही. तोंडाशी थर तुटक राहिला तर लेथवर कातताना पटाशी तिथूनच लाकडाची ढलपी उडवते.

अ‍ॅक्रिलिकच्या पेनात ओलाव्याऐवजी उष्णतेची अडचण. 60 मिलिमीटरची नळी घ्या. तापमान 30 अंशांनी वाढलं तर पितळ सुमारे 0.03 मिलिमीटर वाढतं, अ‍ॅक्रिलिक 0.12 च्या पुढे. गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेल्या पेनात हा फरक आणखी मोठा, आणि तो सगळा त्या पातळ थराने झेलायचा असतो. अर्धपारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून पितळ दिसू नये म्हणून नळी आणि भोक रंगवतात; तेव्हा इपॉक्सी रंगाला धरतं आणि रंग पितळाला, त्यामुळे रंग पूर्ण वाळला नसेल तर सगळा सांधाच कच्चा.

नळीशिवायही पेन होतं. आपल्याकडचं जुनं एबोनाइटचं पेन असंच: आटे थेट एबोनाइटमध्ये पाडलेले, शाई पोटात ओतायची, आत पितळ नाहीच. राजमहेंद्रीच्या रत्नम यांच्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी 1935 साली वर्ध्याहून कौतुकाचं पत्र लिहिलं. त्या परंपरेचं मला मोल आहे. पण शिसवाच्या पातळ भिंतीत टिकाऊ आटे पडत नाहीत. लाकडाचं सौंदर्य हवं तर नळी हवी आणि नळी हवी तर सांधा हवा.

रबरी शाईपिशवीच्या जुन्या पेनांत आणखी एक सांधा असतो: पिशवीचं तोंड निबेच्या भागाला चिकटवलेलं. तिथे इपॉक्सी किंवा फेवीक्विक कधीही लावू नये. रबर काही वर्षांनी कडक होणार, पिशवी बदलावी लागणार, आणि कायमचा चिकटलेला सांधा सोडवताना निबेचा भागच मोडतो. तिथे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावायची. ती शाईत टिकते, आणि दुरुस्तीच्या वेळी जरा गरम हवा दिली की मऊ होऊन पिशवी सोडते.