पिंजऱ्यातल्या सरड्याला ऊन कशाला?

येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडील डोंगराळ भागात डोक्यावर उंच तुरा असलेला एक शॅमेलिऑन राहतो. आपल्याकडच्या घोयऱ्या सरड्याचा हा भाऊबंद. अमेरिकेत व युरोपात लोक तो हौसेने पाळतात. पाळलेल्या शॅमेलिऑनला एक दुखणे वारंवार जडते. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. पोटभर रातकिडे खाऊनही असे का व्हावे?

आपण रातकिड्यापासूनच सुरुवात करू. किड्याचा सांगाडा शरीराबाहेर असतो आणि तो कायटिनचा असतो. आपल्या हाडांसारखा कॅल्शियमचा साठा त्यात नसतो. म्हणून रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त भरतो. सरड्याला हवे असते नेमके उलट: फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. रक्तात कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते. म्हणून सरडा पाळणाऱ्याला आधी किडे पाळावे लागतात! रातकिड्यांना दिवसभर पालेभाजी, गाजर खाऊ घालायचे आणि मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून सरड्यापुढे सोडायचे.

पण एवढ्याने भागत नाही. आतड्यात कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड-3 जीवनसत्त्व लागते. ते तयार होण्याची सुरुवात कातडीत होते आणि त्यासाठी सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. काचेआडचे ऊन ऊब देईल, हाडांना बळ देणार नाही. म्हणून जाळीचा पिंजरा घेऊन त्यावर अतिनील किरणांचा दिवा लावतात.

आता पिंजऱ्यातली झाडे. ती शोभेची नव्हेत. शॅमेलिऑन सहसा वाटीतल्या स्थिर पाण्याकडे वळत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून जास्वंदीसारख्या झाडावर रोज पाणी फवारतात. तेच झाड त्याला सावली देते, लपायला आडोसा देते. हा तुरेवाला तर अधूनमधून पानेही कुरतडतो.

आपल्या घोयऱ्या सरड्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा वर्गात सरडा नको. फळ्यावर पान, रातकिडा, सरडा आणि ऊन एवढे काढा आणि विचारा: यातले काय पुसले तर हाडे वाकतील? मग शाळेच्या कुंपणावरचा साधा सरडा दुरून पाहा. तो उन्हात किती वाजता येतो, सावलीत कधी जातो, याची आठवडाभर नोंद ठेवा.