घरातली सायकल आणि वॅटचा हिशेब

मुलीला सायकल शर्यतीची ओढ आहे, पण पहाटेच्या अंधारात तिला एकटी रस्त्यावर पाठवायला मन धजत नाही, असे म्हणणारे आई-वडील आम्हाला भेटतात. त्यांच्यासाठी रोलर ही चांगली सोय आहे. चौकटीत तीन फिरती नळकांडी आणि त्यावर नेहमीचीच सायकल. तोल स्वतःच सांभाळायचा असतो, म्हणून सुरुवातीला शेजारी भिंत हवीच.

वेगाच्या आकड्यावर मात्र भुलू नये. घरात समोरचा वारा नसतो, त्यामुळे चाळीसचा वेगही सहज दिसतो. टायरमधली हवा कमी झाली की तोच वेग जड जातो. खरी मेहनत वॅटमध्ये कळते. जर्मन अभियंता उलरिख शोबरर यांनी १९८६ च्या सुमारास क्रँकमध्येच बसणारे मापक आणले. पायाच्या जोराने धातू किंचित वाकतो. तो ताण आणि पायडल फिरण्याची गती यांवरून वॅट निघतात. स्वस्तातली मापके एकाच पायाचा जोर मोजून दुप्पट करतात, हे दुकानदार क्वचितच सांगतो!

रमजानमध्ये जोराचा सराव इफ्तारनंतर, पोट हलके झाल्यावरच करावा. पंखा समोर हवा. उकाड्यात नाडी चढते आणि वॅट उतरतात. तेवढ्यावरून पोरगी मागे पडली असे समजू नये.