तुयेच्या मंडपातला कॅमेरा

गोव्याच्या पेडणे तालुक्यात दशावतारी नाटकांचे वेड मोठे. तेथील तुये गावी रात्री नाटक टिपायला निघालेल्या हौशी छायाचित्रकाराने कोणता छोटा फिल्म कॅमेरा न्यावा? मी गाणे शिकवणारा. म्हणून हा प्रश्न मला डोळ्यांइतकाच कानांचाही वाटतो. पखवाज, पेटी व झांजेच्या साथीवर पात्रे आयत्या वेळी संवाद रचीत असतात. मध्येच फ्लॅश लखकन् चमकला, की रसभंग झालाच!

१९६६ चा 'रोलाय ३५' यांत्रिक. सेल संपला तरी शटर चालते. परंतु अंतर अंदाजाने लावायचे आणि भिंग ३.५ पुढे उघडत नाही. १९९७ चा 'ऑलिंपस म्यू-२' २.८ पर्यंत उघडतो, अंतरही आपणच लावतो. पण झाकण मिटून उघडले, की बंद केलेला फ्लॅश पुन्हा सज्ज.

माझी पसंती मैतानी यांच्या १९७९ च्या 'ऑलिंपस एक्सए'ला. भिंग २.८, अंतर मोजण्याची सोय, फ्लॅश वेगळा जोडायचा आणि शटर अगदी हलक्या आवाजाचे. मात्र ते विजेवर चालते. जादा सेल खिशात हवेतच. तिन्ही कॅमेरे आता जुन्या बाजारातच मिळतात, तेव्हा पारखून घ्यावेत. चारशेच्या रोलात चित्रे अवघी ३६. वाचकहो, गवई समेची वाट पाहतो, तशी प्रत्येकाची वाट पाहावी.