डॉकिंग स्टेशन घेण्याआधी लॅपटॉप नीट बघा

भिवंडीत यंत्रमागाच्या जोडीला आता गोदामे उभी आहेत. आणि गोदाम म्हणजे नुसती हमाली नव्हे. माल आला किती, गेला किती, बिले, जीएसटी, सगळे संगणकावर. टेमघरसारख्या वस्तीतली आपली मुले-मुली कॉमर्स शिकून या कामाला लागतात तेव्हा घरात पहिला लॅपटॉप येतो, बहुधा हप्त्यावर. दिवसा थोरलीच्या कामाला, रात्री धाकट्याच्या अभ्यासाला. पण लहान स्क्रीनवर एकीकडे बिल आणि एकीकडे हिशेबाची नोंद मावत नाही. मान दुखते, डोळे चुरचुरतात. मग मोठा मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडायचे ठरते आणि दुकानदार डॉकिंग स्टेशन पुढे करतो.

डॉकिंग स्टेशन म्हणजे एक डबा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, इंटरनेटची केबल, सगळ्या वायरी त्यात लावून ठेवायच्या आणि डब्यातून एकच वायर लॅपटॉपला. कामावर निघताना ती एक वायर काढली की झाले. कल्पना जुनी आहे. ॲपल कंपनीचा १९९२ सालचा पॉवरबुक ड्युओ हा लॅपटॉप डॉकमध्ये व्हिडिओ कॅसेटसारखा आत सरकत असे. त्या काळी डॉक ज्या त्या मॉडेललाच बसायचा. २०१४ साली सी-टाइप पोर्ट ठरला आणि पुढे एका कंपनीचा डॉक दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला लागू लागला.

फसगत होते ती इथेच. दोन पोर्ट दिसायला सारखे असले म्हणून त्यांचे काम सारखे नसते. काही सी-टाइप पोर्ट फक्त पेनड्राइव्हपुरते असतात. त्यातून मॉनिटरला चित्र जात नाही, की चार्जिंग होत नाही. पोर्टजवळ विजेच्या बाणाची खूण असेल तर तो बहुधा थंडरबोल्ट, म्हणजे सगळे चालते. इंग्रजी 'डी' व 'पी'ची जोडखूण असेल तर चित्र जाते. खूण नसली तरी पोर्ट कधी कधी सक्षम असतो. म्हणून लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर उतरवून कंपनीच्या माहितीत बघावे. त्याहून बरे म्हणजे लॅपटॉप दुकानात न्यावा आणि मॉनिटर लावून दाखवा म्हणावे. लाजायचे कारण नाही, पैसे आपले जाणार आहेत.

माझे मत विचाराल तर पुष्कळ घरांना डॉक लागतच नाही. स्वस्तातल्या लॅपटॉपला बहुधा एचडीएमआयचे पोर्ट असते. मॉनिटर थेट त्यात लावा. कीबोर्ड-माउससाठी काहीशे रुपयांचा साधा यूएसबी हब पुरतो. लॅपटॉपला एचडीएमआय नसेल आणि सी-टाइपमधून चित्र जात असेल, तर एचडीएमआय असलेला छोटा सी-टाइप हब घ्यावा. तो हजार-दोन हजारांत मिळतो. थंडरबोल्टचा डॉक पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातो, आणि साध्या सी-टाइपवर तो पुरता चालत नाही, काही तर मुळीच चालत नाहीत. ज्याला रोज दोन मोठे मॉनिटर लागतात त्याने तो घ्यावा. त्यातही ॲपलच्या २०२० सालच्या एम-वन मॅकबुक एअरवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. दोन हवेत तर डिस्प्लेलिंकचा डॉक लागतो. सी-टाइप नसलेल्या जुन्या लॅपटॉपलाही हाच प्रकार उपयोगी पडतो, मात्र त्याचे सॉफ्टवेअर आधी टाकावे लागते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ते टाकायला परवानगी आहे का, हे विचारून घ्या.

आता विजेचे. चार्जरवर ६५ वॉट लिहिले असेल तर डॉकने लॅपटॉपला तेवढे दिले पाहिजेत. ज्या हबमधून चार्जर लावतात तो दहा-पंधरा वॉट स्वतःसाठी राखतो, म्हणजे ६५ च्या चार्जरचे पन्नासच पोचतात. गोल पिनचे जुने लॅपटॉप सहसा डॉकवरून चार्ज होत नाहीत, त्यांचा चार्जर वेगळाच लावावा लागतो.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण स्वतःचा ॲडॉप्टर असलेला डॉक त्याच क्षणी बंद पडतो. मॉनिटर काळा होतो, केबलचे इंटरनेट तुटते आणि डॉकला लावलेल्या हार्ड डिस्कवर फाइल उतरत असेल तर ती बिघडू शकते. म्हणून हार्ड डिस्क थेट लॅपटॉपला लावावी. लूमच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणखी एक करावे. सुताची बारीक धूळ सी-टाइपच्या पोर्टात बसते आणि वायर सैल लागते. लॅपटॉप बंद करून कोरड्या मऊ ब्रशने ती काढावी, टाचणी घालू नये.