इटालियन शिकताय? मराठी कामाला येते!

गेल्या रविवारी पाहुण्यांना इंदूरचा लालबाग पॅलेस दाखवला. १८८६ ते १९२१ या काळात उभा राहिलेला होळकरांचा हा राजवाडा. इटालियन संगमरवराचे खांब बघून भाचीने विचारले, "मामा, इटालियन अवघड असते का हो?"

मराठी माणसाला मुळीच नाही! सुरुवातीला एवढेच लक्षात ठेवा:

🔹 मूळ अक्षरे फक्त २१. 'सी'पुढे 'ई' किंवा 'आय' आले की उच्चार 'च', 'ए', 'ओ', 'यू' आले की 'क'.

🔹 त आणि द आपल्यासारखेच दंत्य.

🔹 जोडाक्षरावर नीट जोर द्या. 'पाला' म्हणजे फावडे, 'पाल्ला' म्हणजे चेंडू.

🔹 शेवटी 'ओ' असलेली नामे बहुधा पुल्लिंगी, 'आ' असलेली स्त्रीलिंगी. 'लिब्रो' म्हणजे पुस्तक, अनेकवचन 'लिब्री'.

🔹 क्रियापदावरून कर्ता कळतो. आपण नुसते 'बोलतो' म्हणतो, तसे तिकडे 'पार्लो'. समोरच्याला 'पार्ली'.

मी स्वतः आधी उच्चार पक्के केले, व्याकरण नंतर घेतले. तुम्हीही रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचा.

काही अडले तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा!