काचेच्या पेटींतील मुकें वैर

दिवाणखान्यांतील काचेच्या पेटींत सहा मासे आहेत. पाणी निवळशंख आहे, अन्न वेळेवर पडतें, आणि भांडण म्हणून कधीं कोणाच्या दृष्टीस पडलेलें नाहीं. तरीहि त्यांतील एक मासा रोडावत जातो, फिका पडतो, आणि एके सकाळीं मरून तरंगतांना आढळतो. घरांतील मंडळी पाण्यास दोष देतात. दुकानदार औषधाची बाटली देतो. थोड्याच दिवसांत दुसऱ्याची पाळी येते. पाणी तपासून पाहणें हें पहिलें कर्तव्य खरेंच; परंतु तें निर्दोष ठरल्यावर संशय पेटींतील एखाद्या धडधाकट आणि बहुधा सर्वांत देखण्या रहिवाशावर घ्यावा लागतो.

एंजल मासा हें याचें ठळक उदाहरण होय. हा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला. अंगानें चपटा, उभट आणि लांब परांचा. लहानपणीं यांचा घोळका गुण्यागोविंदानें नांदतो. वयांत आल्यावर दोघांची जोडी जमते, ती अंड्यांसाठीं एखादें रुंद पान निवडते आणि भोंवतालचा मुलूख आपलाच मानूं लागते. नदींत हरलेला मासा दूर निघून जातो व तंटा मिटतो. पेटींत मात्र तीन फुटांवर कांच आडवी येते. पळून जाणें हीच माशांतली शरणागति. ती पुरी करतां येत नाहीं म्हणून छळहि संपत नाहीं.

हा छळ दिसत कां नाहीं? एक तर त्यांत चावा क्वचितच असतो. दांडगा मासा प्रतिस्पर्ध्यापुढें आडवा उभा राहतो, पर ताठ पसरतो, कल्ल्यांवरील झांकणें फुगवतो आणि शेपटीचा फटकारा देतो. माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याची हालचाल जाणणारी एक रेषा असते. त्या फटकाऱ्यानें लोटलेलें पाणी तिच्यावर आदळतें. म्हणजे स्पर्श न होतांच तडाखा पोंचतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं मासे नाचत आहेत! दुसरें असें कीं, धनी जवळ आला म्हणजे अन्नाच्या आशेनें सगळेच मासे कांचेशीं गोळा होतात. भांडण तेवढ्यापुरतें थांबतें, आणि धनी समाधानानें परत जातो.

सतत दबलेल्या माशाच्या रक्तांत कॉर्टिसोल नांवाचें द्रव्य वाढून राहतें व त्याची रोगप्रतिकारशक्ति खालावते. मग अंगावर पांढरे ठिपके येतात, पर कुजतात. औषधानें ठिपके जातील. कारण जात नाहीं.

रंगहि वैरास निमित्त होतो. लायडन येथें निको टिनबर्गेन (१९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी) स्टिकलबॅक नांवाचे लहान मासे पाळीत. विणीच्या काळांत या जातीच्या नराचें पोट तांबडें होतें. खिडकीबाहेरून टपालाची तांबडी गाडी गेली कीं पेटींतील नर तिच्या रोखानें धांवत व लढाईचा पवित्रा घेत. तेव्हां एकाच रंगरूपाच्या दोन भांडखोर जाती शोभेसाठीं एकत्र ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

पारख करावयाची ती दूर बसून, अर्धा तास तरी हालचाल न करतां. कोणता मासा सदैव वरच्या कोपऱ्यांत किंवा नळीच्या आड असतो, अन्न पडल्यावर शेवटीं कोण येतो, कोणी नुसता वळला कीं कोण दचकतो, एवढें टिपावें.

येथें बहुतेकांची एक चूक होते: दया येऊन ते मार खाणाऱ्यासच बाहेर काढतात. त्यामुळें त्याच्या खालोखालचा दुबळा त्याच्या जागीं येतो. बाहेर काढावयाचा तो दांडगा. विणीस आलेल्या जोडीला निराळी पेटीच द्यावी, आणि दोन फायटर नर तर एका पाण्यांत कधींच ठेवूं नयेत. टायगर बार्बची गोष्ट उलट आहे. तो थव्यांत राहणारा मासा. दोघेतिघेच ठेवले तर इतरांचे पर कुरतडतो, आठदहा ठेवले कीं आपसांतच गुंततो.

साध्या दांडग्यास आठवडाभर दूर ठेवावें. तेवढ्यांत दगड आणि झाडें हलवून अशीं लावावींत कीं, एका टोंकाचा मासा दुसऱ्या टोंकाच्या माशास दिसूं नये. अन्नहि दोन ठिकाणीं टाकावें. परत आलेला दांडगा त्या बदललेल्या मुलखांत प्रथम पाहुण्यासारखा वावरतो, आणि तोंवर इतरांनीं आपापले कोपरे धरलेले असतात.