स्कॅनचे औषध आणि आपली मूत्रपिंडे

मिस्सानंतर पुष्कळजण विचारतात, “फादर, सीटी स्कॅनच्या डायने किडन्या जातात का?” ही भीती जरुरीपेक्षा मोठी आहे. शिरेतून टोचतात त्या औषधात आयोडीन असते. त्यामुळे रक्तवाहिन्या व आतले अवयव चित्रात उठून दिसतात. मूत्रपिंडे धड असली तर ते बहुतेक सारे एका दिवसात लघवीवाटे निघून जाते. २०२० साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या व मूत्रपिंडविकारांच्या संस्थांनी मिळून सांगितले की, धोका पूर्वी समजत होते त्याहून कमी आहे.

मात्र ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, म्हणजे ईजीएफआर ३० च्या खाली आहे, त्यांनी जपावे. शरीरातले पाणी आटलेल्यांनीही. आमचा माणूस दिवसभर उन्हात ऊस तोडतो, अंगदुखीवर दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून खातो, दुसऱ्या दिवशी स्कॅनला जातो आणि गोळ्यांचे नावही काढत नाही! मूत्रपिंडांना मुळात त्या गोळ्याच बाधतात.

डॉक्टरांना सारे सांगावे. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मूत्रपिंडे फार दुबळी असल्यास मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी स्कॅननंतर ४८ तास थांबवतात. आपल्या मनाने बंद करू नये. पाणी किती प्यावे हेही विचारावे, हृदयाच्या रोग्याला जास्त सोसत नाही. क्रिएटिनिन वाढलेच तर दोन-तीन दिवसांत वाढते व बहुधा एक-दोन आठवड्यांत उतरते. लघवी कमी झाली किंवा पाय सुजले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.